ड्रोसोफिलाच्या अळ्या वाढवताना: खाणं कसं मोजायचं, वय कसं ओळखायचं

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हातात पहिल्यांदा ड्रोसोफिलाची बाटली आली की तो माश्या बघतो. डोळे लाल की पांढरे, पंख सरळ की वळलेले, नर कोणता, मादी कोणती. तळाशी अन्नात डोकं खुपसून बसलेल्या अळ्यांची आठवण होते ती गुणसूत्रं बघायला लाळग्रंथी काढायच्या दिवशी. मग बाटलीवरच्या तारखेवरून ‘पाच दिवस झाले, म्हणजे तिसरी अवस्था’ (अळी दोनदा कात टाकते, म्हणून तिच्या तीन अवस्था) असं ठरवून अळ्या उचलल्या जातात, आणि त्या निघतात किडकिडीत, नाहीतर अजून दुसऱ्याच अवस्थेतल्या. तारीख बरोबर असते. अळ्यांना काय आणि किती खायला मिळालं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

अंड्यातून बाहेर पडल्यापासून चार दिवसांत या अळीचं वजन सुमारे २०० पट होतं. एवढी वाढ ज्या खाण्यावर होते ते आपल्या ताब्यात नसेल, तर तासांच्या हिशोबाला फारसा अर्थ राहत नाही. म्हणून सुरुवात अन्नापासून करू. त्याआधी एक छोटी गोष्ट.

कोणती माशी?

आंब्या-पेरूत अंडी घालणारी, शेतकऱ्यांना नको झालेली फळमाशी ती बॅक्ट्रोसेरा. ती वेगळ्या कुळातली आणि साधारण घरमाशीएवढी. तिची अळी फळाच्या गरात वाढते आणि कोषात जायला मातीत उतरते. आपली ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर म्हणजे काळ्या पडलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या चिलटांपैकी एक. केळ्याचा तुकडा टाकलेली बाटली स्वयंपाकघरात उघडी ठेवली तर चिलटं मिळतील, पण ती सरमिसळ असतील. पाठीवर पांढऱ्या उभ्या रेघा असलेला झाप्रिओनस त्यांत हमखास असतो. प्रौढ माश्या ओळखता येतात, अळ्या ओळखताना भले भले चुकतात. म्हणून नवख्याने ओरेगॉन-आर किंवा कँटन-एस असा शुद्ध स्टॉक (लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या जपलेला माश्यांचा एकच वाण) मागून आणावा. म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाचं स्टॉक सेंटर आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत या माशीवर काम करणाऱ्या लॅब आहेत, आणि जवळच्या एखाद्या कॉलेजातही बाटली चालू असण्याची शक्यता बरीच असते.

अन्न शिजवणं

परदेशी पुस्तकांत मक्याच्या भरड पिठाची कृती असते. ती वाचून आपल्याकडे कुणीतरी दुकानातून पांढरं कॉर्नफ्लोर आणतं. ते निव्वळ स्टार्च, त्याचा उपयोग नाही. मक्याचं पिवळं पीठ हवं. त्यापेक्षा आपल्याकडच्या लॅबमध्ये रुळलेलं रवा-गुळाचं अन्न सोपं पडतं. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम आगर आणि ७.५ मिलि प्रोपिऑनिक अ‍ॅसिड.

रवा थोड्या गार पाण्यात आधी भिजवून ठेवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. उरलेलं पाणी उकळून त्यात आगर पूर्ण विरघळवा. गूळ घाला आणि एकदा गाळून घ्या, कारण गुळात काड्या-खडे असतात. मग भिजवलेला रवा घालून मंद आचेवर सतत ढवळत राहा. पळीवरून सलग धार पडेल इतकं दाट झालं की गॅस बंद. अ‍ॅसिड लगेच घालायचं नाही. मिश्रण हाताला सोसवेल-न-सोसवेल इतकं, साधारण ६०-६५ अंशांवर आलं की घाला आणि नीट ढवळा. उकळत्यात घातलं तर ते वाफेबरोबर उडून जातं, बुरशी आवरत नाही आणि खोलीत उभं राहवत नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ‘बुरशी नको’ म्हणून जास्तीचं अ‍ॅसिड घालू नका, त्याने अळ्यांची वाढ मंदावते.

दर व्हायलमध्ये (छोट्या काचेच्या बाटलीत) ६ ते ८ मिलि ओता आणि वर मलमलचं कापड टाकून रात्रभर ठेवा. आतल्या भिंतीवरचं पाणी सुकलं की कापसाचे बोळे लावा. फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतं. वापरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवायला विसरू नका, गार अन्नावर माद्या अंडी घालायला कुरकुरतात.

आता खरी गोष्ट. रवा आणि गूळ ही नुसती गादी आहे. अळीचं जेवण म्हणजे यीस्ट. निसर्गातही ती फळापेक्षा सडत्या फळावर वाढणारं यीस्टच जास्त खाते. प्रथिनं तिथून मिळतात, आणि स्टेरॉलही. कीटकांना स्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही, आणि कात टाकण्याचा आदेश देणारं एकडायसोन हे संप्रेरक त्याच्यापासूनच बनतं. म्हणजे यीस्ट कमी पडलं की अळी नुसती बारीक राहत नाही, तिचा पुढचा टप्पाही लांबतो. बेकरीचं कोरडं यीस्ट पाण्यात कालवून, श्रीखंडाइतकं दाट करून, अन्नावर वाटाण्याएवढा ठिपका द्या. कोरडे दाणे भुरभुरवले तरी चालतं, पण हात आवरता ठेवा. जिवंत यीस्ट फसफसून अन्न वर उचलतं आणि सगळं पातळ करून टाकतं.

अन्न पातळ झालं की काय होतं ते एकदा भिंगाखाली बघण्यासारखं आहे. अळी डोकं खाली घालून खाते आणि शेपटीकडची दोन श्वासरंध्रं पृष्ठभागावर टेकवून ठेवते. खोल जाता येतं ते श्वास पोचेल तेवढंच. पातळ अन्नात मात्र अळ्या घोळक्याने, एकमेकींना खेटून, सगळ्यांच्या शेपट्या वर ठेवून खड्डा खणतात. एकटी अळी तिथे बुडते, घोळका तगतो.

सारख्या वयाच्या अळ्या

भरपूर यीस्ट खाल्लेल्या, चार ते सात दिवसांच्या माश्या घ्या. उपाशी माद्या अंडी घालत नाहीत. आगर आणि द्राक्षाचा रस (नसेल तर गुळाचं पाणी) यांची छोटी प्लेट करा, मधे यीस्टचा बारीक ठिपका द्या आणि ती माश्यांच्या बाटलीच्या तोंडाला उलटी लावा. गडद रसावर पांढरी अंडी चांगली दिसतात. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, पुढच्या टोकाला दोन बारीक दांड्या असलेलं.

पहिल्या तासाची प्लेट टाकून द्या. माद्यांनी फलित अंडी पोटात धरून ठेवलेली असतात, त्यांची वाढ आधीच सुरू झालेली असते. त्यानंतर दोन तासांसाठी नवी प्लेट लावा. २५ अंशांवर २२ ते २४ तासांत अळ्या बाहेर येतात. बाविसाव्या तासाला प्लेट बघून आगाऊ फुटलेल्या अळ्या काढून टाका, आणि पुढच्या दोन तासांत निघालेल्याच घ्या. ओल्या, बारीक ब्रशने त्या आपोआप उचलल्या जातात. चिमटा वापरू नका.

वहीत एक गोष्ट स्पष्ट लिहा: तास अंडं घातल्यापासून मोजताय की अळी निघाल्यापासून? दोन्ही पद्धती चालतात, आणि दोघांमध्ये एक अख्खा दिवस आहे. या लेखात यापुढे सगळे तास अंडं घातल्यापासूनचे आहेत.

गर्दी

६ मिलि अन्नात ५०-६० अळ्या. हा आकडा मी सर्वांत आधी पाठ करून घेतो. फार कमी अळ्या असतील तर अन्न उकरलं जात नाही आणि बुरशी माजते. फार जास्त असतील तर यीस्ट संपतं, अन्नात अमोनिया साचतो, काही अळ्या वेळेवर कोषात जातात आणि उरलेल्या मागे रेंगाळतात. एकाच व्हायलमध्ये तीन दिवसांच्या फरकाने माश्या निघू लागल्या की समजावं, गर्दी झाली होती. माश्याही बारक्या निघतात, आणि कोषातून बाहेर आलेली माशी पुढे वाढत नाही. तिचा आकार अळीच्या जेवणातच ठरलेला असतो.

या गर्दीवर उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे. पिढ्यानपिढ्या दाटीत वाढवलेल्या मेलॅनोगॅस्टरच्या अळ्या भरभर खाऊ लागतात, हे अमिताभ जोशी आणि लॉरेन्स म्युलर यांनी १९८८ मध्ये दाखवलं. दाटीत जगायचं तर आधी आणि जास्त खाल्लं पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ लावला गेला. पुढे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये, जोशींच्याच लॅबमध्ये, ड्रोसोफिला अननासी आणि नसूटा या आपल्याकडच्या प्रजातींवर तसाच प्रयोग झाला. त्याही दाटीत टिकायला शिकल्या, पण खाण्याचा वेग न वाढवता. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हा ‘भरभर खाणारी ती बलवान’ असं गृहीत धरून प्रोजेक्टचा निष्कर्ष लिहू नये.

अवस्था ओळखणं

२५ अंशांवर ढोबळ वेळापत्रक असं: पहिली अवस्था २४ ते ४८ तास, दुसरी ७२ पर्यंत, तिसरी साधारण १२० पर्यंत, मग कोष. माशी नवव्या-दहाव्या दिवशी. १८ अंशांवर याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. इनक्युबेटर नसेल तर वेळापत्रकावर अवलंबून राहूच नका, अळी बघा.

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, पाण्याच्या थेंबात, आधी डोक्याकडे बघा. पुढची श्वासरंध्रं पहिल्या अवस्थेत दिसत नाहीत, दुसरीत छोट्या गदेसारखी टोकं दिसतात, तिसरीत त्यांना हाताच्या पंजासारखी बोटं फुटलेली असतात. मग शेपटीकडे: मागच्या श्वासरंध्रांच्या टोकाला नारिंगी-तपकिरी कडं असेल तर ती तिसरी. घाईत एवढं एकच चिन्ह पुरतं. शंका राहिलीच तर तोंडातले काळे हुक दाबून बघा. दुसऱ्या अवस्थेत त्यांना दोन-तीन दात असतात, तिसऱ्यात नऊ ते बारा. लांबीवरून अवस्था ठरवू नका. उपाशी तिसरी आणि खाऊन-पिऊन सुखी दुसरी सारख्याच दिसू शकतात.

तिसऱ्या अवस्थेत नर-मादीही कळतात. शरीराच्या मागच्या एक-तृतीयांश भागात, दोन्ही बाजूंना, चरबीत मोठा पारदर्शक लंबगोल डाग दिसला तर नर. मादीत तो अगदी बारीक असतो. माद्या वजनाने जास्त असतात, म्हणून खाण्याचे आकडे घेताना हे नोंदवलेलं बरं.

अळ्या अन्नातून काढायला खरवडत बसू नका. व्हायलमध्ये २० टक्के साखरेचं पाणी ओता, अन्न हलकं मोकळं करा. अळ्या वर तरंगतात.

खाण्याचा वेग

अळीच्या पारदर्शक कातडीतून तोंडाचा काळा सांगाडा दिसतो. तो पुढे जातो, हुक अन्नात रुततात, मागे ओढला जातो: एक घास. हे घास मोजायचे.

पेट्री डिशमध्ये २ टक्के आगरचा थर द्या. १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम यीस्ट कालवून त्याचा पातळ थर वर पसरवा. ७२ ते ८० तासांच्या, म्हणजे तिसऱ्या अवस्थेत नव्याने आलेल्या अळ्या धुऊन, एकेक करून ठेवा. पाच मिनिटं काहीही करू नका. जागा बदलल्यावर अळी आधी फिरते, डोकं हलवून चाचपते, मग जेवायला बसते. मग एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट थांबा, पुन्हा एक मिनिट मोजा, दोन्हींची सरासरी घ्या. चांगल्या अळीचे मिनिटाला शंभराहून जास्त घास होतात, आणि नुसत्या डोळ्यांनी एवढे मोजताना गफलत होते. मोबाइल आयपीसला लावून स्लो-मोशनमध्ये चित्रण करा आणि नंतर निवांत मोजा. एका गटात किमान २० अळ्या तरी हव्यात. मोजणाऱ्याला गट कोणता ते माहीत नसावं, एवढी शिस्त कॉलेजातही पाळता येते.

दोन पथ्यं. एक, तापमान: सकाळी अकराचा गट आणि दुपारी तीनचा गट यांची तुलना करू नका, आपल्याकडे तेवढ्या वेळात खोली चार अंशांनी तापते. दुसरं, प्रकाश: खाणाऱ्या वयातली अळी उजेड टाळते, आणि मायक्रोस्कोपचा झगझगीत दिवा तिला जेवणावरून उठवतो. दिवा मंद ठेवा.

घास म्हणजे पोटात गेलेलं अन्न असं मात्र नाही. ते बघायचं तर यीस्टच्या पेस्टमध्ये खाण्याचा लाल रंग मिसळा, पंधरा-वीस मिनिटं चरू द्या, धुऊन आतड्यात रंग कुठवर पोचला ते बघा. दोन्ही आकडे हाती असले की गोष्टी उलगडतात. एखादा गट घास भरपूर घेतो आणि पोट रिकामंच, म्हणजे अन्न फार पातळ आहे किंवा अळ्यांना ते ओरबाडता येत नाहीये.

कोण भटकतं, कोण बसून खातं

हा प्रयोग स्वस्त आहे, आणि त्यामागची गोष्ट मोठी. कॅनडात मार्ला सोकोलोव्स्की यांच्या १९८० च्या संशोधनात दिसलं की यीस्टच्या थरावर काही अळ्या खात-खात लांब भटकतात, तर काही जवळच्या जवळ चरतात. पहिल्यांना रोव्हर आणि दुसऱ्यांना सिटर म्हणतात. फरक एका जनुकाचा निघाला. त्याचं नाव फॉरेजिंग, आणि ते एक प्रोटीन कायनेज (पेशीतल्या इतर प्रथिनांचं काम बदलणारं एन्झाइम) तयार करतं, हे १९९७ मध्ये स्पष्ट झालं.

काळ्या कागदावर पेट्री डिश ठेवा, यीस्टची पेस्ट एकसारखी पातळ पसरवा आणि मधोमध एक अळी सोडा. पाच मिनिटांत ती पेस्टमध्ये माग काढते. तो झाकणावर पेनने गिरवा आणि लांबी दोऱ्याने मोजा. तशाच अळ्या साध्या आगरवरही सोडा. अन्न नसेल तर रोव्हर आणि सिटर सारख्याच चालतात. हा दुसरा भाग बरेच जण गाळतात, आणि मग ‘ही अळी मुळातच चपळ’ असल्या निष्कर्षाला उत्तर राहत नाही.

अन्न शोधायला अळीकडे डोक्याच्या प्रत्येक बाजूला फक्त २१ गंधपेशी असतात. माशीच्या वास-चवीच्या उत्परिवर्तींवरचं (जनुकात बदल झालेल्या माश्यांवरचं) सुरुवातीचं महत्त्वाचं काम मुंबईच्या टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात केलं.

उपास आणि कोष

तिसऱ्या अवस्थेत शिरल्यापासून साधारण ८ ते १२ तासांत अळी एक ठरावीक वजन गाठते. त्याआधी अन्न काढून घेतलं तर वाढ थांबते. त्यानंतर काढलं तर ती कोषात जातेच, फक्त माशी लहान निघते. हे स्वतः बघायला काही लागत नाही. कात टाकून नुकत्याच तिसऱ्या अवस्थेत आलेल्या अळ्या गोळा करा आणि दर चार तासांनी वीस-वीस अळ्या अन्नातून काढून, धुऊन, ओल्या १ टक्का आगरवर ठेवा. आगर ओलं हवंच, नाहीतर त्या भुकेआधी तहानेनं मरतील. कोणत्या गटापासून कोष दिसू लागतात ते नोंदवा. पहिल्या गटांत अळ्या दिवसेंदिवस तशाच फिरत राहतात आणि मरतात. मधल्या एखाद्या गटात अर्ध्यामुर्ध्या कोषात जातात. पुढे जवळजवळ सगळ्या.

साधारण ११० तासांनी खाणं आपोआप थांबतं. जी अळी तोवर उजेडापासून पळत अन्नात तोंड खुपसून होती, तीच आता बाहेर येऊन भिंतीवर चढते. या भटक्या अवस्थेतही सगळ्या एकाच वयाच्या नसतात. त्या वेगळ्या करायला लिटरमागे अर्धा ग्रॅम ब्रोमोफेनॉल ब्ल्यू हा निळा रंग अन्नात घाला. आतडं गडद निळं असेल तर कोषाला बराच अवकाश आहे. फिकट झालं तर जवळ. पूर्ण स्वच्छ झालं तर काही तासांचाच प्रश्न. मग ती लाळग्रंथीतल्या गोंदाने स्वतःला भिंतीला चिकटवते, आखडते, आणि तासाभराने पांढरा कोष तपकिरी होऊ लागतो. पांढरा कोष सापडला तर तिथून घड्याळ शून्यावर लावा. याहून अचूक खूण नाही.

पॉलिटीन क्रोमोसोमसाठी (लाळग्रंथींतल्या जाड, पट्टेदार गुणसूत्रांसाठी) अळ्या हव्या असतील तर शेवटचे काही दिवस १८ अंशांवर ठेवा, व्हायलमध्ये २५-३० पेक्षा जास्त ठेवू नका आणि रोज यीस्टची ताजी पेस्ट द्या. भिंतीवर चढलेली, लठ्ठ, अजून सावकाश हलणारी अळी निवडा. दाटीतल्या बारीक अळीच्या ग्रंथी काढता येतात, पण काचेखाली कितीही निगुतीने ठोकलं तरी पट्टे सुटे होत नाहीत, आणि दोष ॲसिटोकार्मिन या रंगाला दिला जातो.

आपल्याकडच्या अडचणी

मुंग्या सगळ्यांत आधी येतात. ट्रे पाण्याच्या थाळीत ठेवा. उन्हाळ्यात खोली ३० च्या वर गेली की नर नापीक होऊ लागतात, म्हणून मार्च ते जून थर्माकोलच्या पेटीत गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवून सकाळ-संध्याकाळ बदला, आणि आत थर्मामीटर असू द्या. पावसाळ्यात बुरशी. ती दिसलेली व्हायल वाचवत बसू नका, माश्या ताज्या अन्नावर हलवा. कोषांवर धुळीसारखे पांढरे ठिपके चालताना दिसले तर ते माइट (कोळ्यांच्या जातीतले अगदी बारीक जीव) आहेत. ती व्हायल बोळ्यासकट बंद पिशवीत घालून तिथून हलवा, आणि त्या दिवशी दुसऱ्या स्टॉकला हात लावू नका.

काम संपलेल्या व्हायल खिडकीबाहेर रिकाम्या करायच्या नाहीत. लॅबमधले उत्परिवर्ती बाहेर सोडू नयेत. एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी अन्न काढून कचऱ्यात टाका आणि व्हायल कोमट पाण्यात बुडवा. वाळलेला रवा एकदा काचेला धरला की घासून निघत नाही.